अकरा मिलिमीटरची हौस

नागावात शनिवारी सकाळी कोणती गाडी आली हे ओळखायला ओटीवरून उठावं लागत नाही. रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गतिरोधक बातमी देतात. एसटी त्यांच्यावरून बेफिकीर उडते आणि मागच्या बाकावरचा ‘आई गं’ रस्त्यापर्यंत ऐकू येतो. मुंबईची उंच एसयूव्ही आवाजच करत नाही. तिच्या लेखी गतिरोधक अजून बांधलेलाच नाही. आणि मग येते लो केलेली गाडी. आधी शांतता पसरते, कारण गाडी थांबलेली असते. आतून एकजण उतरतो, वाकून बघतो, हाताने खुणा करतो. गाडी तिरकी होते, एकेक चाक जपून चढवते, सगळं सुखरूप पार पडलं असं वाटतं आणि अगदी शेवटी पोटाखालून ‘खर्रर्र’. तोवर मागे रांग लागलेली असते. तिच्यात एखादी बैलगाडीही असते. बैल हॉर्न वाजवत नाहीत, पण त्यांच्या नजरेत जे असतं ते हॉर्नपेक्षा लागतं.

या जमातीशी माझी सोयरीक भाच्यामुळे झाली. तो पुण्याला असतो. नोकरी संगणकाची, जीव गाडीत. त्याने जुनी स्विफ्ट घेतली, तीच मुळी आधीच्या मालकाने खाली बसवलेली. मामाच्या गावाला आंबे खायला येणारे भाचे गोष्टींत असतात. हा आमच्या वाडीत चाकं मोजायला येतो. पुण्यात पार्किंगला जागा नाही, इथे अंगण मोठं, शेणाने सारवायचं बंद होऊन फरशी बसलेली, म्हणजे गाडी पातळीत उभी राहते. शिवाय मामा सगळं ऐकून घेतो. ताई, म्हणजे त्याची आई, तीन मिनिटांनंतर “आणि बचतीचं काय?” असं विचारते.

प्रश्न असा होता की त्याला मॅगव्हील बसवायची होती. मला वाटलं, दुकानात जावं, आवडलेली नक्षी दाखवावी, चार घेऊन यावं. त्यावर त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, ती मी यापूर्वी फक्त मोबाइलच्या दुकानात अनुभवली होती.

“मामा, नक्षी सगळ्यात शेवटी. आधी रुंदी आणि ईटी.”

मग त्याने ओटीच्या पायरीवर खडूने चाकाचा छेद काढला. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ. चाक हबला जिथे टेकतं त्या सपाटीची दुसरी रेघ. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे ऑफसेट, तेच ईटी, मिलिमीटरमध्ये. आजच्या बहुतेक घरगुती गाड्यांत टेकायची सपाटी मधल्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला असते, म्हणून आकडा अधिक असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या पोटात शिरतं. आकडा लहान केला की चाक बाहेर डोकावतं. आकडा कमी करून वस्तू वाढते, हे समजायला मला चहाचा दुसरा कप लागला.

आता हिशेब. समजा, मूळ चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. त्याजागी ७ इंची, त्याच ईटीचं घेतलं, तर वाढलेला एक इंच मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वाटला जातो. म्हणजे १२.७ मिलिमीटर बाहेर आणि तेवढंच आत. बाहेर मडगार्ड आहे, आत शॉकअप. दोघांनाही पाहुणा नको असतो. म्हणून लोक ईटी कमी करतात. ७ इंच, ईटी ३५ घेतलं की आतल्या बाजूला फक्त २.७ मिलिमीटर वाढ, पण बाहेरच्या बाजूला २२.७. गाडीच्या दोन्ही अंगांचं धरलं तर ती साडेचार सेंटिमीटरने फुगते. भाच्याच्या मंडळींत या फुगण्याला ‘पोक’ म्हणतात, मडगार्डशी बरोबर एका रेषेत आलं की ‘फ्लश’, आणि आत गेलं की ‘टक’. या तीन शब्दांवर ते रात्र काढू शकतात.

मला हे सारं कळलं ते रहाटामुळे. नागाव हे अष्टागरातलं गाव. इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना विजेचे पंप यायच्या आधी रहाटाने पाणी मिळायचं. विहिरीच्या तोंडावर उभं चाक, त्यावरून खाली सोडलेली गाडग्यांची माळ, आणि बाजूला बैल फिरवतात ते आडवं चाक. उभ्या चाकाची आस भिंतीच्या फार जवळ ठेवली तर भरलेली गाडगी वर येताना काठावर आपटून फुटणार. ती टाळायला आस फार पुढे सरकवली तर दोन चाकांचे दात एकमेकांत नीट बसणार नाहीत, बैल फिरतील आणि पाणी जागेवर. रहाट बसवणारा सुतार ती जागा नुसत्या नजरेने ठरवायचा. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तुमच्या सुताराला इनर क्लिअरन्स कळत होता.” सुतार आज असता तर या प्रशस्तीने त्याने मजुरी वाढवली असती.

रुंदीचा हा हिशेब कुठल्याही गाडीला लागतोच. पण गाडी खाली बसवलेली असली की त्याला धार येते. स्प्रिंगा आखूड केल्या की चाक मडगार्डच्या कमानीत वर शिरतं. मूळ उंचीवर जे चाक कमानीच्या खाली दोन बोटं राहून निमूट फिरत होतं, ते आता तिच्या ओठाशी येतं. सरळ रस्त्यावर काही होत नाही. पण खड्ड्यात चाक उचललं, किंवा मागे तिघं दणकट पाहुणे बसले, की कमानीची पत्र्याची आतली कड टायर सोलायला लागते. पुढच्या चाकांची आणखी वेगळी तऱ्हा. ती वळतात. म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून, दोन्हीकडे, आणि तेही माणसं बसवून तपासावं लागतं. त्या दुपारी आम्ही मागच्या सीटवर वाळत घातलेल्या नारळांची दोन पोती, सासूबाई आणि मी असे बसलो होतो. भाचा बाहेर बॅटरी घेऊन आडवा. सासूबाईंनी विचारलं, “कुठे जायचंय?” कुठेच नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग दार तरी उघडं ठेवा.”

लो केल्याने चाक नुसतं वर जात नाही, थोडं तिरकंही होतं. वरची बाजू आत झुकते. त्याने मडगार्डपाशी थोडी जागा मिळते हे खरं, पण टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून बघावं तर नक्षी शाबूत, आतून तारा दिसायची वेळ. जपानमध्ये काही हौशी मंडळी हा तिरकेपणा मुद्दाम इतका वाढवतात की गाडी टायरच्या कडांवरच चालते. आणि ईटी फार कमी करून चाक बाहेर काढलं की स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळतं, तिच्यापासून टायरचा जमिनीला टेकणारा मध्य दूर जातो. मग खड्डा आला की स्टिअरिंग हातातून हिसका मारतं आणि बेअरिंगवर वाढीव ओझं पडतं. गाडीच्या कंपनीतल्या इंजिनियरने जो आकडा ठरवला, तो काही रमीच्या डावात काढलेला नसतो.

भाच्याच्या मित्रांचं मत होतं, १७ इंची घे. तेव्हा पायरीवर खडूची दुसरी बेरीज झाली. वरच्या मॉडेलच्या स्विफ्टचा मूळ टायर १८५/६५ आर १५. म्हणजे १८५ च्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर, इतकी रबराची भिंत; सगळ्या चाकाची उंची सुमारे ६२१ मिलिमीटर. त्याऐवजी २०५/४५ आर १७ घेतला तर उंची ६१६ च्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटरला फारसं कळणार नाही. पण रबराची भिंत ९२ वर येते. उरलेली सगळी जागा अॅल्युमिनियमने खाल्ली. दुकानात ते देखणं दिसतं. पावसाळ्यानंतरच्या वडखळ रस्त्यावर ते २८ मिलिमीटर रबर किती प्रेमळ होतं, ते आठवतं.

याशिवाय मधलं भोक. मारुतीच्या या गाडीच्या हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा. बाहेरून घेतलेली चाकं बऱ्याच गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, ७३.१ पर्यंत. मधल्या फटीत नेमक्या मापाची रिंग घातली नाही तर चाक नटांच्या भरवशावर बसतं, आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग माणूस बॅलन्सिंग करत फिरतो, अलाइनमेंट करत फिरतो आणि दोष रस्त्याला देतो. एवढीशी प्लॅस्टिकची रिंग. पण ‘एवढीशी’ हा शब्द भाच्यासमोर उच्चारायची सोय नाही.

गतिरोधकाचंही तसंच. मी समजत होतो की ते मुळात लो गाड्यांचे वैरी. भाच्याने इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम काढून दाखवला. त्यांच्या पुस्तकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरच्या बेताने. स्विफ्टची जमिनीपासूनची मूळ उंची १६३ मिलिमीटर. आधीच्या मालकाने ५० मिलिमीटर खाली घेतलेली, म्हणजे राहिले ११३. दहा सेंटिमीटरचा उंचवटा आणि अकरा सेंटिमीटरचं पोट, मला वाटलं आता खर्रर्र. पण नाही. पुस्तकातला उंचवटा इतका पसरट आहे की पुढची-मागची दोन्ही चाकं एकाच वेळी त्यावर मावतात. गाडीच्या २.४५ मीटरच्या अंतरात त्याचा फुगवटा वर येतो तो जेमतेम साडेचार सेंटिमीटर. पोट सहज सुटतं. गावोगावचे गतिरोधक मात्र पुस्तक वाचून जन्मलेले नसतात. रस्त्याचं काम संपल्यावर उरलेलं डांबर, एका अपघाताचा राग आणि दोन घमेली यांतून ते उभे राहतात. आखूड आणि उभार. त्यांची सगळी उंची एकदम पोटाखाली येते. म्हणजे खर्रर्र आवाजात हौशी पोराइतकाच त्या घमेल्यांचाही वाटा आहे. तेव्हापासून मी त्या आवाजावर हसताना थोडा न्यायाने हसतो.

अर्थात येताना सुटलेलं पोट जाताना सुटेलच असं नाही. नागावातून रिकाम्या हाताने कोणी जात नाही. डिकीत शहाळी, सुपाऱ्या, आमसुलं, हंगाम असेल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. २०२२ मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून माळ घेताना लोक अधिक आदराने वाकतात आणि एकाऐवजी चार घेतात. रविवारी दुपारी गाड्या आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली बसूनच परततात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईच्या लो गाड्यांना घाट नि खड्डे टाळून समुद्रमार्गे येता येतं. पण जहाजाचा उतार आणि धक्का जिथे मिळतात तो कोपरा बघून त्यांचे मालक जो श्वास रोखतात, तो थेट किहीमला सोडतात.

आणि वाळू. किनाऱ्यावर गाडी नेऊ नका असं सांगूनही दर आठवड्याला कोणीतरी नेतोच. ओहोटीची ओली वाळू कडक असते, ती फसवते. ती ओलांडून वरच्या कोरड्या भुसभुशीत पट्ट्यात आलं की चाक फिरतं आणि गाडी बसते. जाणता माणूस अशा वेळी टायरमधली हवा कमी करतो. टायर लांबट पसरतो, भार वाटला जातो, गाडी निघते. पण ज्याच्या चाकावर रबराची भिंतच नावाला आहे, तो हवा काढणार कुठून? शिवाय लो गाडीची चाकं रुतायच्या आधी पोटच टेकतं. मग चाकांना करायला काही कामच उरत नाही. ट्रॅक्टरवाला लांबून हे सगळं पाहत असतो. त्याला ईटी कळत नाही, पण भरतीची वेळ तोंडपाठ असते, आणि पाणी जसजसं जवळ येतं तसतशी ओढून काढण्याची बिदागी चढते.

मी भाच्याला कायदाही सांगितला, कारण मामाने एक तरी कंटाळवाणी गोष्ट सांगितलीच पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातल्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. हौसेला मोल नसतं, पण कलम असतं. तो म्हणाला, “मामा, कॅलिफोर्नियात काय झालं माहितीये?” नव्हतं. तिथल्या मेक्सिकन वस्त्यांतल्या तरुणांना गाड्या अगदी जमिनीलगत नेऊन संथ मिरवायचा नाद. सरकारने १९५८ पासून नियम केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या धातूच्या तळापेक्षा खाली नको. तर १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. शेवटी २०२४ पासून कॅलिफोर्नियानेच असल्या गाड्यांवरची बंदी उठवली. साठ-पासष्ट वर्षं सरकार आणि हौस एकमेकांकडे बघत उभे होते, आणि आधी सरकारचे पाय दुखले.

हे ऐकून मी विचार करू लागलो की माणसाला वाहन खालीच का हवं असतं. उंच बसण्यात सत्ता आहे. हत्तीवरून आजच्या एसयूव्हीपर्यंत सगळा इतिहास वर चढण्याचा. खाली बसण्यात काय मिळतं? आमच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. २०१४ मध्ये बंद पडल्या, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा मार्ग कायमचा मोकळा केला. त्या शर्यतीच्या गाडीकडे पाहिलं की कळतं, तिच्यात एकही गोष्ट सोयीची नाही. बसायला जागा नाही, धरायला आधार नाही, ओझं वाहायचा प्रश्नच नाही. जे अनावश्यक होतं ते सगळं काढून टाकलंय, आणि उरलाय तो नुसता आकार. भाच्याला स्विफ्टमध्ये तेच हवं होतं. कमान आणि टायर यांच्यामधली ती रिकामी काळी फट त्याला सहन होत नव्हती. गाडी तिच्या चाकांवर ठेवलेली न दिसता चाकांतून उगवलेली दिसावी, इतकंच त्याचं मागणं. आता हे मागणं हास्यास्पद म्हणावं, तर मीही ओटीचा खांब अर्धा इंच तिरका लागला म्हणून सुताराला परत बोलावणारा माणूस आहे. त्या खांबाने छप्पर व्यवस्थित तोललं होतं.

शेवटी मोजणी झाली. जुनं चाक काढून, नक्षीची बाजू खाली करून गोणपाटावर आडवं ठेवलं. पाठीवर गवंड्याची सरळ पट्टी. पट्टीपासून हबच्या सपाटीपर्यंत खोली मोजायची, त्यातून चाकाच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा करायचा. इथे एक खुबी आहे: चाकावर ६ इंच लिहिलेलं असलं तरी ते टायर बसतो त्या दोन कडांमधलं अंतर, बाहेरच्या ओठांसकट चाक साधारण ७ इंच भरतं. खोली १३४, वजा ८९, उत्तर ४५. छापील आकड्याशी जुळलं तेव्हा भाचा असा खूश झाला जणू कंपनीने त्याची परवानगी घेतली होती.

मग तह झाला. आधीच्या मालकाच्या ५० मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा, तेही आरटीओत विचारून. चाक पंधरा इंचीच, म्हणजे टायर तेच राहतील आणि ताईच्या बचतीच्या प्रश्नाला निदान निम्मं उत्तर मिळेल. रुंदी साडेसहा, ईटी ४०. खडूने शेवटचा हिशेब: अर्ध्या इंचाचे निम्मे ६.३५, त्यात ईटीचे ५. चाक बाहेर येणार ११.३५ मिलिमीटर, आत शिरणार १.३५. मडगार्डला धक्का नाही, शॉकअपला धक्का नाही, दोन पोती आणि सासूबाई बसल्या तरी घासणार नाही.

पुढच्या खेपेला तो नवी चाकं बसवून आला. गतिरोधक तिरका न होता ओलांडला. अंगणात गाडी उभी करून त्याने ताईला बाहेर बोलावलं. तिने पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि म्हणाली, “छान धुतलीस.” भाचा माझ्याकडे बघत होता. मला फरक दिसत होता, पण मला तो खडूने शिकवला होता. न शिकवता दिसला असता का, हे मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीतला एक तरुण चहाचा कप घेऊन अंगणात आला. कोण, कुठला, काही ओळख नाही. गाडीजवळून जाता जाता थबकला. मान तिरकी करून कमानीकडे पाहिलं, मग उकिडवा बसला, मडगार्ड आणि टायरच्या मधे दोन बोटं घातली आणि भाच्याला विचारलं, “साडेसहा ना? ईटी किती, चाळीस?”

भाच्याने नुसती मान हलवली. त्यानंतर ते दोघं इतका वेळ त्या चाकाशी उकिडवे बसून राहिले की ताईने आतून दोनदा विचारलं, पंक्चर झालंय का.